महिना उलटूनही न उठलेले पाहुणे

आठव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी किम्-हिओ झारा हातात घेऊन अंगणात उभी राहिली आणि समोरच्या बाकांना शिव्या देऊ लागली.

"उठा! दरवाजा काल बंद झाला. महिनाभर बसलात, ताटाला हात लावला नाहीत, आता कुणाच्या बापाची वाट बघताय?"

बाकांवर कुणीही नव्हते. कुंपणापलीकडे शेजारी जमले आणि त्यांनी एकमेकांकडे पाहून कपाळावर बोट फिरवले. आदल्या संध्याकाळपर्यंत याच शेजाऱ्यांच्या लेखी ती 'जिला दिसते ती बाई' होती. रात्रीत ती वेडी झाली. तिच्यात काहीही बदललेले नव्हते; बदल फक्त पंचांगात झाला होता. सातव्या महिन्यात परलोकाचे दार उघडते आणि ज्यांना घरी पाणी द्यायलाही कुणी उरलेले नाही असे मृत आमच्या बंदरावर पाहुणे म्हणून येतात. त्यांना भूत म्हणायचे नसते. 'भले भाऊ' म्हणायचे असते. त्या महिन्यात कुणाला काही दिसले, तर कुणी आश्चर्य मानत नाही. आठव्या महिन्यात दिसले, तर घरच्यांना गाडी बोलवावी लागते.

गाडीचे तिच्या मुलाने, होंग-गीने, आधीच ठरवून ठेवले होते. पाहुणे महिनाअखेर गेले नाहीत तर आईला डोंगरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचे. तिथली दारे बाहेरून बंद होतात. किम्-हिओने ते घर एकदा पाहिले होते, एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेली असताना. परत आल्यावर तिने दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितले होते, "मी माझ्या घरातून आडवीच जाईन. उभी कुणी नेली, तर त्याला नाव घेऊन शाप देईन."

तिचा शाप हलका घेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. रस्त्यावर मांडव घालून ज्या पंगती उठतात, लग्नाच्या, बाळाला महिना पुरा झाल्याच्या, देवळाच्या, त्यांची ती या भागातली सर्वांत नावाजलेली आचारीण. अशा आचाऱ्यांच्या मुलाखती मी गेली काही वर्षे जमवते आहे. किम्-हिओबद्दल बोलणारे तिच्या तापट स्वभावावर एकमुखाने बोलतात, बाकी कशावरही त्यांचे एकमत नाही. नवरा गेल्यावर तिने झारा हाती घेतला असे काही जण सांगतात. नवऱ्यानेच दिला, असे काही. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "तो जिवंत होता तेव्हाही झारा माझ्याच हातात होता. तो फक्त फोटोत असायचा."

आजाराची सुरुवात वासाने झाली, हे मला तिच्या मुलीने, श्यू-लुआनने, सांगितले आणि इतर दोघांनी त्याला दुजोरा दिला. किम्-हिओला तळलेल्या कांद्याचा वास येईना. तिने दोष कांदेवाल्याला दिला, कांदे पाण्यात भिजवून विकतोस म्हणून भर बाजारात त्याची लाज काढली, आणि एक आख्खा हंगाम दुसऱ्याकडून कांदे घेतले. मग डावा पाय घासू लागला. मग हात थरथरू लागला. काओश्युंगच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर यापबाईंनी कंपवाताचे निदान केले आणि ठरलेल्या वेळी घ्यायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांवर तिची काही वर्षे बरी गेली. स्टुलावर बसून ती मुदपाकखाना चालवत असे. भात वाफेवर किती ठेवायचा हे ती झाकणाच्या आवाजावरून सांगे, आणि चुकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

सातव्या महिन्यात देवळापुढे पाहुण्यांसाठी लांबच लांब टेबले लागतात. त्यांतले सर्वांत पुढचे टेबल मुख्य आचाऱ्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने मांडायचे असते: खेकड्याचा चिकट भात, आख्खा मासा, डुकराचे पाय, आणि शेजारी तोंड धुवायला पाण्याचे घमेले व नवा टॉवेल. आदल्या वर्षी ते मांडताना किम्-हिओच्या हातून सूप सांडले होते. देवळाच्या समितीतले कुणीतरी हसले होते. कोण, ते तिला माहीत होते आणि ती ते विसरली नव्हती.

म्हणून सहाव्या महिन्यात ती होंग-गीला म्हणाली, "माझा हात थांबव. फक्त हात. बाकी मी बघते."

डॉक्टर यापांची भेट पुढच्या महिन्यात होती. होंग-गी तिला बाजाराजवळच्या दवाखान्यात घेऊन गेला, जिथे एका फेरीत गुण येतो अशी ख्याती आहे. तिथे थरथर थांबवणारी एक गोळी मिळाली. लघवीसाठी तिसऱ्याच दवाखान्याची एक गोळी आधीपासून चालू होती. या दोन गोळ्यांची एकमेकींशी आणि कंपवाताच्या औषधाशी ओळख करून द्यावी असे कुणालाही सुचले नाही. आमच्याकडे औषध बदलणे हे भाजीवाला बदलण्याइतके सोपे आहे, आणि जुन्या डॉक्टरला ते सांगणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचा अपमान करणे. हा शिष्टाचार पाळून किती म्हातारी माणसे मेली, याची मोजदाद कुणीही ठेवलेली नाही.

हात थांबला. पुढचे टेबल तिने थेंबही न सांडता मांडले. लोकांनी वाहवा केली. त्याच दिवशी दुपारी तिला अंगणातल्या गोल टेबलाखाली मुले बसलेली दिसली.

श्यू-लुआन काओश्युंगमध्ये शहर-बस चालवते आणि सुटीच्या दिवशी आईकडे येते. त्या आठवड्यात आली तेव्हा आईने तिला भात वाढता वाढता सहज सांगितले, "पाय जरा जपून. तिथे मुलं आहेत."

"कुठली मुलं?"

"खरी नाहीत गं. मला कळतं. छत्री घेतलेली एक बाईपण येते. दिसते, पण खरी नाही."

"खरी नाही हे कसं कळतं?"

"माझ्या हातचं समोर ठेवलंय आणि जेवत नाहीत. असं खरं माणूस अजून जन्मलेलं नाही."

हे उत्तर मी श्यू-लुआनकडून तीन वेगवेगळ्या वेळी ऐकले आणि ते प्रत्येक वेळी शब्दशः तेच होते. म्हणून मी ते खरे मानते. ते महत्त्वाचे आहे. मेंदू चुकीचे चित्र दाखवत असताना त्याच मेंदूने ते चित्र तपासून खोटे ठरवले होते, आणि तेही आचाऱ्याच्या कसोटीवर. या टप्प्यावर दोन गोळ्या थांबल्या असत्या, तर ही हकिगत इथेच संपली असती.

श्यू-लुआनने भावाला गाठले. "आईला काहीतरी दिसतंय. डॉक्टर यापांना फोन कर."

"ताई, सातवा महिना आहे. या महिन्यात कुणाला काही दिसत नाही? महिना संपू दे, आपोआप जातील."

"आणि नाही गेले तर?"

"जातील. जायलाच लागतं त्यांना."

श्यू-लुआन परत कामावर गेली. बातमी मात्र गावभर गेली. त्या वर्षीचे धूपदानाचे मानकरी, म्हणजे उत्सवाचे यजमान, कुआ-काका, समितीचे दोन लोक घेऊन अंगणात आले. त्यांनी किम्-हिओला नमस्कार केला, जो त्यांनी आधीच्या चाळीस वर्षांत कधी केला नव्हता.

"हिओ-वहिनी, भले भाऊ कुठल्या बाजूला बसलेत, जरा दाखवता का? देवळापुढची टेबलं तिकडे सरकवतो."

"कुणीही बसलेलं नाही. जेवत नाहीत, म्हणजे नाहीत."

कुआ-काका हसले. "अहो वहिनी, एवढ्या पंगती उठवल्यात आणि हे माहीत नाही? ते अन्न थोडंच खातात! ते वास खातात."

एका म्हाताऱ्या बाईच्या शहाणपणाचा शेवटचा खांब इतक्या गोड आवाजात पाडलेला मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. वासाचे तिला काय कळणार होते? तिचे नाक कधीच निकामी झालेले होते. भाताचा वास पाहुण्यांनी खाल्ला आहे की अजून तिथेच आहे, हे पृथ्वीतलावर जिला तपासता येत नव्हते नेमकी तीच बाई गाठून त्यांनी तिला ही कसोटी दिली. तिने हाताने एक बाजू दाखवली. टेबले सरकली. कुआ-काका आजही मला सांगतात की त्या वर्षीचा उत्सव अत्यंत व्यवस्थित पार पडला.

मग ग्योक-सिम येऊ लागली. ती पलीकडच्या गल्लीतली, किम्-हिओची मुदपाकखान्यातली तीस वर्षांची जोडीदारीण; भाज्या चिरायला तिच्याइतका वेगवान हात नव्हता. तिचा मुलगा आ-सिंग बोटीसह समुद्रात बुडाला होता आणि सापडला नव्हता. ती रोज सकाळी यायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"हिओ, आ-सिंग आहे का गं त्यांच्यात?"

"मला नाही माहीत."

"नीट बघ ना. डाव्या भुवईवर खूण आहे त्याच्या."

काही दिवसांनी किम्-हिओ म्हणाली, "आहे. दोन वाट्या भात खाल्ला."

असे का म्हणालीस, हे मी तिला पुढे विचारले. ती आधी चिडली आणि मग म्हणाली, "ती रोज यायची. रोज नाही म्हणायला ताकद लागते. माझी होती नव्हती ती पाय उचलण्यात जात होती."

त्यानंतर पाहुण्यांचे स्वरूप बदलले. टेबलाखालची मुले मोठी झाली आणि घरात शिरली. तिचा मासे कापायचा सुरा सापडेनासा झाला; तो त्यांनी नेला. मग सुरा श्यू-लुआनने नेला. मग श्यू-लुआन रश्श्यात काहीतरी मिसळते असे ठरले. मुलगी घास भरवायला गेली की आई तोंड मिटून घेई.

"आधी तू खा."

"खाल्लं, बघ. अजून एक खाऊ?"

"तुला उतारा माहीत असेल."

श्यू-लुआन मला म्हणाली, "वीस वर्षं बस चालवतेय. दारुड्यांनी शिव्या दिल्यात, एकाने चप्पल मारलीय. पण आई माझ्या हातातल्या चमच्याकडे ज्या नजरेने बघायची ना, ते सहन होईना. आणि बाहेर बाकावर बायका बसलेल्या, आज काय दिसलं म्हणून विचारायला!"

अन्नाबरोबर गोळ्याही नाकारल्या गेल्या, कंपवाताच्या सुद्धा. पाय जमिनीला चिकटू लागले. आणि मग महिना संपला, दार बंद झाले, आणि पाहुणे उठले नाहीत.

त्या सकाळी होंग-गीने पुन्हा बाजाराजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच घरी बोलावले. त्यांनी शांत करणारे इंजेक्शन दिले आणि त्याच जातीचे पातळ औषध मागे ठेवले. रोग्याला कंपवात आहे, हे त्यांना माहीत होते. थरथरीची गोळी त्यांनीच दिली होती. या जातीची जुनी औषधे कंपवाताच्या माणसाला लाकूड करून टाकतात, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकातही असणार. मी त्यांना भेटायला दोनदा गेले. दोन्ही वेळा ते कामात होते.

श्यू-लुआन आली तेव्हा आई खुर्चीत होती. डोळे उघडे, पापणी हलत नाही, हनुवटीवरून लाळ गळते आहे. पाण्याचा चमचा तोंडात घातला तर पाणी तसेच परत येत होते.

"हे काय केलंस?"

"शांत झाली ना?" होंग-गी म्हणाला. "आता त्रास नाही तिला. उद्या डोंगरातून गाडी येईल. ताई, माझ्याकडे असं बघू नकोस. तू आठवड्यातून एकदा येतेस. शेजारीपाजारी मला तोंड दाखवावं लागतं."

"शेजारी? महिनाभर तुझ्या शेजाऱ्यांनी तिला देवळाची घंटा केली. येईल तो वाजवून जायचा! आणि तू दारात उभा राहून चहा पाजत होतास त्यांना."

"मला काय माहीत होतं..."

"माहीत नव्हतं, तर विचारायचं! फोन कर म्हटलं होतं ना तुला? काय झालं असतं फोन करून? यापबाईंना वाईट वाटलं असतं? म्हणून आई अशी लाकडासारखी बसवलीस?"

ती बोलत असतानाच तिने आईला पाठीवर घेतले. होंग-गीने हात पुढे केला, तर तिने त्याला कोपर मारले. ही गोष्ट दोघेही मान्य करतात. कोपर कुठे लागले याबद्दल मात्र मतभेद आहेत.

काओश्युंगच्या रुग्णालयात डॉक्टर याप यांनी तिन्ही ठिकाणच्या औषधांची पाकिटे टेबलावर ओतायला लावली आणि एकेक उचलून बाजूला टाकले. श्यू-लुआनला वाटले होते की त्या नवे औषध देतील. त्यांनी आधी जुनी काढली. इंजेक्शनच्या जातीचे पातळ औषध त्याच क्षणी बंद. थरथरीची गोळी हळूहळू कमी करत बंद. लघवीची गोळीही बंद. लघवी तपासल्यावर तिथे संसर्ग निघाला, ज्याने म्हाताऱ्या माणसाचे डोके तसेही फिरते, आणि त्यावर उपचार सुरू झाले. कंपवाताचे मूळ औषध नळीने पुन्हा वेळेवर सुरू केले.

"या गोळीने हात थांबतो आणि डोकं सुटतं," त्या थरथरीची गोळी दाखवत म्हणाल्या. "मला कुणी का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," श्यू-लुआन म्हणाली.

डॉक्टर यापांनी त्यावर जे म्हटले ते त्यांनी मला छापू नका म्हणून सांगितले आहे.

काही दिवसांनी किम्-हिओ गिळू लागली, मग बोलू लागली, आणि तिचे पहिले वाक्य रुग्णालयाच्या पेजेबद्दल होते. तेही छापण्यासारखे नाही. पाहुणे कमी झाले, पण सुरा चोरल्याचा संशय राहिला, तेव्हा डॉक्टर यापांनी कंपवात न वाढवणारे वेगळे शामक अगदी थोड्या मात्रेत, झोपताना, सुरू केले. त्यातही धोका असतो, लक्ष ठेवावे लागेल, हे त्यांनी न लपवता सांगितले.

"आणि पुन्हा कुणी दिसलं तर आम्ही काय म्हणायचं?" श्यू-लुआनने विचारले.

"‘नाही’ म्हणून भांडू नका. ‘हो’ म्हणून ताट वाढू नका. मला दिसत नाही म्हणावं, आणि तुला भीती वाटतेय का ते विचारावं. अंगणात मोठा दिवा लावा."

इतके साधे होते. आख्ख्या गावाने महिनाभर नेमके ताट वाढले होते.

श्यू-लुआनने बदली मागून घेतली आणि ती आईकडे राहायला आली. होंग-गीने डोंगरातल्या वृद्धाश्रमात राखून ठेवलेली खोली सोडली नाही. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत बघू, तो म्हणाला. त्या दिवसापर्यंत आई पाहुण्यांशी बोलताना पुन्हा दिसली, तर गाडी येईल. "मलाही भीती वाटते, ताई," तो म्हणाला. मला वाटते ते त्याचे त्या वर्षातले पहिले प्रामाणिक वाक्य होते, पण श्यू-लुआनला तसे वाटणे बंधनकारक नव्हते.

त्या सर्वांत लहान दिवशी सगळे सणाचे, गोड पाण्यातले तांदळाच्या पिठाचे गोळे खायला बसले होते. होंग-गी बायकोला न आणता एकटाच आला होता. वाडगा अर्धा झाला असताना ग्योक-सिम दारात आली. हातात तिने स्वतः वळलेल्या गोळ्यांचा वाडगा होता. आईशी कुणी कशाबद्दल बोलू नये, असे श्यू-लुआनने गल्लीत सगळ्यांना बजावले होते. ग्योक-सिमने तिच्याकडे पाहिलेही नाही.

"हिओ, सणाचा दिवस आहे. त्याच्यासाठी आणलेत. आलाय का गं तो?"

होंग-गीने चमचा खाली ठेवला आणि आईकडे पाहिले.

किम्-हिओने मला नंतर सांगितले की त्या क्षणी छत्रीवाली बाई पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. ती पूर्णपणे कधी गेलीच नव्हती. डॉक्टर यापांना ते माहीत होते, श्यू-लुआनलाही. किम्-हिओने तिकडे मान वळवली नाही.

"ग्योक-सिम, ऐक. आ-सिंग माझ्या अंगणात कधीच आला नाही."

"दोन वाट्या भात खाल्ला म्हणालीस."

"खोटं बोलले. गोळीमुळे मला काहीबाही दिसत होतं, पण तो त्यातही नव्हता. तू रोज यायचीस म्हणून म्हणाले."

"भुवईवरची खूण?"

"तूच सांगितलीस. मी नाही."

ग्योक-सिम उभीच होती. वाडगा तिच्या हातात वाकडा झाला आणि पाणी जमिनीवर सांडू लागले, तरी तिने तो सरळ केला नाही.

"तुझ्या त्या एका शब्दावर मी चार महिने झोपले, हिओ. पोराच्या पोटात काहीतरी गेलं म्हणून. आणि आता गोळी म्हणतेस?"

"गोळी म्हणते."

"वेडी होतीस तेव्हा बरी होतीस," ग्योक-सिम म्हणाली, आणि गेली. ती आजही बाजारात जाताना मागच्या गल्लीने वळसा घालून जाते.

श्यू-लुआन उठून आईजवळ गेली. किम्-हिओने तिचा हात झटकला. ती होंग-गीकडे पाहत होती. आवाज आजाराने बारीक झालेला, पण शब्द मुदपाकखान्यातले होते.

"तीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. एक कोथिंबीर कधी जास्त पडली नाही. तिला मी आज दारातून घालवली, तुझ्या डोळ्यांदेखत, या चार भिंतींपायी. आता त्या डोंगरवाल्यांना फोन कर, खोली नको म्हणून सांग."

"करतो आई. बाहेर जाऊन..."

"बाहेर नाही. इथे. बसून. आणि मोठ्याने बोल, मला ऐकू आलं पाहिजे."

होंग-गी बसला आणि त्याने फोन लावला. पलीकडच्या माणसाला पहिल्यांदा समजले नाही, तेव्हा किम्-हिओने त्याला तेच पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणायला लावले.